चवीपुरतं

बाबा समुद्रातलं मीठ काढतात.
बरक्याच्या प्लांटवर, बारा वर्षं, पाळ्यापाळ्यांनी.
दुसरीत असताना मी वर्गात तसंच सांगितलं
आणि सगळे हसले,
जणू ते गमबूट घालून मिठागरात उभे असतात.
खरं तर काचेमागे बसून आकडे बघतात.
सगळंच मीठ काढलं तर पाणी बेचव लागतं,
म्हणून शेवटी थोडे क्षार परत घालतात.
"चवीपुरते," म्हणतात,
आईच्या आमटीबद्दल बोलावं तसं.

घरात नियम फार नाहीत.
दारात आलेल्याला आधी पाणी, मग नाव.
नावही अर्धंच पुरे.
सहावीत असताना एसी धुणाऱ्या माणसाला
मी पटकन कागदी पेला दिला.
आई काही बोलली नाही.
तो गेल्यावर तिनं तो पेला उचलला
आणि मला त्यातूनच पाणी देऊ लागली.
पाचव्या दिवशी पेल्याचा तळ गेला.

यंदा फिलोमिना मिसनी प्रकल्प दिला:
हक्कांसाठी उभी राहिलेली माणसं.
मी मॉन्टगोमेरीच्या बस घेतल्या,
म्हणजे खरं तर बसमध्ये न बसलेल्या बायका.
धुणीभांडी करायला चालत जाणाऱ्या,
चालत परतणाऱ्या.
त्यांच्या टाचांचा विचार करत मी जागी होते,
तेवढ्यात बाबा रात्रपाळीहून आले,
हेल्मेट हातात, तसेच चार्टसमोर उभे.
"किती दिवस चालल्या?"
तीनशे एक्क्याऐंशी.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, "तुझा खापरपणजा एक दिवस चालला होता."
आणि आंघोळीला गेले.

नळाच्या आवाजातून, दाराआडून,
मी एकेक गोष्ट काढून घेतली.
नाव धाकू. वय कुणी लिहून ठेवलं नाही.
सत्तावीस सालचा मार्च,
सावित्रीकाठच्या गावातून महाडपर्यंत.
तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायला,
परतताना डोकं फुटलं.
मी शोधलं. मिळालेल्या एकाही यादीत धाकू नाही.
"मग खरं कशावरून?"
टॉवेलनं कान पुसत बाबा म्हणाले,
"चव कशी होती, असं कुणी विचारलं
तर म्हणायचा, पाण्यासारखी.
खोटं सांगणारा गोड म्हणाला असता."

आणि हे मला सोळा वर्षं माहीत नव्हतं!
मस्कतमध्ये मराठी माणूस भेटला
की पहिला प्रश्न, गाव कुठलं?
रायगड म्हटलं की, वा, किल्ला!
दुसरा प्रश्न गणपतीत, पोह्यांच्या बशीवरून,
जरा हळू आवाजात येतो: आडनाव?
बाबा म्हणतात, "चहा घ्या ना."
मला वाटायचं, यांना चहा फार आवडतो.

आमच्या गल्लीत, घुब्रात, एका व्हिलाच्या भिंतीत
सबील आहे: थंड पाण्याचा नळ, ज्याला हवं त्याला.
साडेपाचला निळी बस थांबते,
खिडक्या उघड्या, आत सिमेंटनं पांढरे झालेले चेहरे.
माणसं उतरून बाटल्या भरतात.
दुसरा प्रश्न कुणीच विचारत नाही.
एवढ्यावर खूश व्हावं, असं एक मन म्हणतं.
दुसरं विचारतं, यांचे पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहेत?
भर दुपारी, साइटवर, यांना पाणी कोण देतं?

मला कायदा शिकायचाय.
बाबांच्या वहीत केमिकलची फी लिहिलेली आहे,
रियालमध्ये, शेजारी रुपयांत.
काल त्यांनी तिच्याखाली रेघ मारली,
खोडली की अधोरेखित केली, कळत नाही.

शाळेत माझं नाव बाबांच्या नावावरच संपतं.
चार्टच्या कोपऱ्यात मी धाकूला लिहिलं
आणि खाली मला, अख्खी,
आडनावासकट, देवनागरीत, पहिल्यांदाच.
बाबांनी वाचलं. चष्मा वर केला.
खिशातलं प्लांटचं पेन काढलं.
वाटलं, खोडणार.
"वेलांटी दुसरी," म्हणाले,
आणि दुरुस्त केली.